डिजिटल मानव्यविद्या : पाठभेदांच्या चौकटींपासून संगणकापर्यंत

डिजिटल ह्युमॅनिटीज या विद्याशाखेला मराठीत अद्याप एकच एक ठरलेले नाव नाही. अंकीय मानव्यविद्या, संगणकीय मानव्यशास्त्रे, डिजिटल मानव्यविद्या अशी निरनिराळी नावे दिसतात. या नोंदीत आम्ही शेवटचे नाव वापरले आहे. मंडळाच्या ग्रंथालयात येणारे पालक आणि पदवीचे विद्यार्थी अलीकडे या विषयाची विचारणा करू लागले आहेत. प्रश्न बहुधा एकाच वळणाचा असतो : मराठी, संस्कृत किंवा इतिहास घेतलेल्या मुलाने हे शिकावे का, आणि यात नेमके करतात तरी काय? त्याचे उत्तर देताना बडोद्याचे नाव टाळता येत नाही, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहीत आहोत.

भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, कला या विषयांना मिळून मानव्यविद्या म्हणतात. त्यांच्या अभ्यासात संगणकाला कामाला लावणे, आणि संगणक आल्यामुळे त्या अभ्यासाचे काय होते हेही तपासणे, ही या शाखेची दोन अंगे आहेत. जुन्या पोथीचे फोटो काढून संकेतस्थळावर चढवले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. फोटो हा संगणकाच्या लेखी नुसता ठिपक्यांचा पट असतो. त्यात अक्षर कोणते, शब्द कुठे संपतो, हे नाव माणसाचे की गावाचे, हे कोणीतरी सांगेपर्यंत त्याला काहीच कळत नाही. हे सांगणे म्हणजेच या विद्येतील निम्म्याहून अधिक काम. ते करायला त्या भाषेचा आणि त्या काळाचा जाणकार लागतो, संगणकाचा जाणकार नंतर.

प्रारंभ

या शाखेचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक वेळा एका इटालियन जेझुइट पाद्र्यापासून होते. फादर रोबेर्तो बुसा हे मध्ययुगीन तत्त्वज्ञ थॉमस अॅक्वायनस यांचे अभ्यासक. अॅक्वायनसच्या लेखनात 'सान्निध्य' ही कल्पना कशी येते हे शोधताना त्यांच्या ध्यानात आले की, ती मोठ्या शब्दांत सापडत नाही. लॅटिनमधील 'इन' या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययाच्या वापरात ती दडलेली आहे. आपल्याकडे कोणी ज्ञानेश्वरीतील 'चि'चा अभ्यास करायला बसावे, तसा हा प्रकार. असे शब्द हाताने मोजायचे तर जन्म पुरणार नाही. बुसा १९४९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि छिद्रांकित कार्डांच्या यंत्रांची मदत मिळवली. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची १९७४ पासून छापून येऊ लागली आणि ५६ खंडांत पूर्ण झाली.

ती कार्डे कोणी पाडली? इटलीतील गॅलाराते या गावी बुसांनी एक प्रशिक्षणशाळा काढली. तिथे शिकलेल्या तरुण मुलींनी हे काम केले. लॅटिन न येणाऱ्या मुलींनी लॅटिनचे लाखो शब्द बिनचूक पाडले, पण पुढची कित्येक दशके त्यांची नावे कुठेच नव्हती. छायाचित्रांत यंत्रापाशी बसलेल्या या मुली दिसतात, खाली नावे नाहीत. ज्युलियन नायहन यांच्यासारख्या संशोधकांनी अलीकडे त्यांतील काहींना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन तो इतिहास लिहिला. एखाद्या प्रकल्पात कोणी काय केले याची नोंद ठेवणे हा आज या विषयाच्या अभ्यासक्रमातील धडा झाला आहे, त्याला अशी कारणे आहेत.

पुणे आणि बडोदे

बुसांच्या तीस वर्षे आधी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले होते. १९१९ ते १९६६ असे ते चालले. मूळ प्रत उपलब्ध नाही, हाती आहेत त्या शेकडो वर्षांत निरनिराळ्या लिप्यांत उतरवलेल्या नकला, आणि प्रत्येकीत काही ना काही वेगळे. अशा १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग या आवृत्तीसाठी करण्यात आला. पाठतुलनेसाठी खास तक्ते तयार केलेले असत. वरच्या ओळीत आधारप्रतीतील श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि त्याखाली दुसऱ्या प्रतींत त्या जागी जे वेगळे असेल ते त्याच चौकटीत. हे काम शास्त्रीमंडळी आणि पदवीधर मिळून करत. शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठतुलनेची केंद्रे होती. त्यांतील तंजावरचे म्हणजे आपल्या भोसले राजांच्या सरस्वती महालाचे गाव. एका चौकटीत एक अक्षर, हे आजच्या संगणकतज्ज्ञाला दाखवले तर तो त्याला 'डेटा' म्हणेल. शास्त्रीबुवा तुलनापत्र म्हणत. काम तेच.

बडोद्याचा संबंध इथून पुढे येतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात १९५१ पासून वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती हाती घेण्यात आली. गोविंदलाल भट्ट यांनी संपादिलेले बालकांड १९६० मध्ये आले, उमाकांत शाह यांचे उत्तरकांड १९७५ मध्ये. मधल्या कांडांपैकी अयोध्याकांड आणि युद्धकांड यांचे संपादन परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी केले. हेच वैद्य पुण्याच्या महाभारत प्रकल्पाचे शेवटच्या टप्प्यातील प्रधान संपादक. पुण्याची पद्धत बडोद्याला कशी पोचली, हे सांगायला एवढे एक नाव पुरे आहे.

महाभारताच्या या आवृत्तीतील एक खूण आम्हांला फार मोलाची वाटते. प्रधान संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांनी असा दंडक ठेवला की, जिथे पाठ पक्का ठरवता येत नाही तिथे तो छापावा, पण त्या शब्दाखाली नागमोडी रेघ द्यावी. म्हणजे वाचणाऱ्याला कळावे, इथे संपादकाची खात्री नाही. पान उलटता उलटता ही रेघ दिसत राहते आणि आपण सावध होतो.

क्योतो, केंब्रिज, आणि पुसलेली रेघ

या दोन्ही ग्रंथांची संगणकीय संहिता प्रथम तयार झाली ती ना पुण्यात ना बडोद्यात. जपानमधील क्योतो विद्यापीठाचे मुनेओ तोकुनागा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकात पुण्याचे महाभारत आणि बडोद्याचे रामायण रोमन अक्षरांत टंकून काढले. केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी महाभारताची ती संहिता तपासून, दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केली. आज जगात कुठेही कोणी संस्कृत महाकाव्यांवर संगणकाने काम करत असेल, एखाद्या शब्दाची आवृत्ती मोजत असेल किंवा छंद तपासत असेल, तर त्याच्या पायाशी बहुधा हीच संहिता असते.

याचा अभिमान वाटावा तितका थोडा. पण नोंद पुरी करायची तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टंकताना सिद्ध केलेला पाठ आला. तळटिपांत हजारो पाठभेद होते, शास्त्रीमंडळींची चौकटीचौकटीतली मेहनत होती, ती कागदावरच राहिली. साध्या अक्षरांच्या संहितेत नागमोडी रेघेला जागा नव्हती, त्यामुळे तीही गेली. छापील पानावर जिथे संपादक 'मला खात्री नाही' म्हणत होता, तिथे पडद्यावर नुसता शब्द उरला, शेजारच्या शब्दाइतकाच ठाम. तोकुनागांचा यात काडीचा दोष नाही. एवढा मजकूर हाताने टंकणे हीच तपश्चर्या होती. मात्र रेघ कुठेतरी जपायला हवी होती हे आता सगळ्यांना पटले आहे. मजकुराबरोबर अशा खुणाही नोंदवण्याची टीईआय नावाची एक सर्वमान्य पद्धत १९८७ पासून आकाराला येत गेली आहे, आणि शंकास्पद पाठ, खाडाखोड, फाटलेला भाग, दुसऱ्या हाताचे अक्षर, हे सगळे तीत दाखवता येते. विद्यार्थ्याने या विषयात पहिली कोणती गोष्ट शिकावी असे कोणी विचारले, तर आम्ही ही सांगू.

विद्यापीठातले शिक्षण : जादवपूरचे उदाहरण

भारतात हा विषय विद्यापीठाच्या चौकटीत रुजवण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ अग्रभागी आहे. तेथील स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स या विभागाने सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली 'बिचित्रा' हा रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचा संगणकीय संग्रह उभा केला. तो २०१३ मध्ये खुला झाला. हस्तलिखिते आणि छापील आवृत्त्या मिळून जवळजवळ १,४०,००० पाने त्यात आहेत. ठाकूर आपले लेखन सतत बदलत, खोडलेल्या ओळींची चित्रे करत, एकच कविता मासिकात एक, संग्रहात दुसरी. या पाठांची आपसांत तुलना करण्यासाठी विभागाने 'प्रभेद' नावाची संगणकप्रणाली स्वतः बनवली. ती आधी प्रकरणे, मग परिच्छेद किंवा कडवी, आणि शेवटी शब्द अशा तीन पायऱ्यांनी तुलना करते.

बंगाली हस्ताक्षर वाचणारे यंत्र तेव्हा नव्हते, त्यामुळे पानेच्या पाने माणसांनी वाचून टंकली. टंकणारे बरेचसे नुकते पदवी घेतलेले तरुण होते. त्याच विभागाने पुढे या विषयाची पदव्युत्तर पदविकाही चालवली. प्रकल्प आधी आणि अभ्यासक्रम मागून, हा क्रम आम्हांला योग्य वाटतो. हल्ली उलटेही दिसते : हाती ग्रंथ कोणताच नाही, आणि विद्यार्थी आयत्या संगणकप्रणालीत कसलाही मजकूर घालून शब्दांचे रंगीत ढग काढत बसले आहेत. अशा ठिकाणी प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एकच गोष्ट विचारावी : वर्षभरात विद्यार्थ्याच्या हाती कोणता दस्तऐवज किंवा कोणती संहिता दिली जाते? उत्तर नाव घेऊन मिळाले तर ठीक.

आता आयआयटींसह अनेक संस्थांत हा विषय शिकवला जातो. डिजिटल ह्युमॅनिटीज अलायन्स ऑफ इंडिया या संघटनेची पहिली परिषद २०१८ मध्ये इंदूरला झाली, ही तिकडच्या आपल्या बांधवांना कौतुकाची बाब.

मराठीची स्थिती

मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातले या विद्येचे सर्वांत उपयोगी फळ शिकागो विद्यापीठातून आले आहे. तेथील दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही शोधता येतात. शब्दाचा अर्थ तर कळतोच, पण अर्थाच्या मजकुरातूनही शोध घेता येतो. घोड्याच्या साजाचे शब्द हवेत, तर मोल्सवर्थमध्ये इंग्रजीतून घोडा शोधावा. छापील कोशात हे करायचे तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे लागेल.

छापील मराठी पुस्तके यंत्राने वाचणे आता बरेच साधले आहे. तरी जुन्या पुस्तकांत एक अडचण हमखास येते. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात 'घरांत', 'करणें', 'नांव' असे छापलेले असते, आणि 'घरात' असा शोध घेणाऱ्याला 'घरांत' सापडत नाही. बडोद्यात सयाजी साहित्यमालेतून निघालेली पुस्तके शोधताना हे ध्यानात ठेवावे. दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

खरी अवघड जागा मोडीची. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, म्हणजे तिची अक्षरे संगणकावर टंकता येऊ लागली. वाचणे ही वेगळी गोष्ट. बोरूने आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे, ही मोडीची चाल. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, नेहमीचे शब्द अर्धेच लिहून सोडतात, आणि शिवकाल, पेशवेकाल, इंग्रजी अमदानी यांची वळणे निराळी. २०२५ मध्ये आयआयटी रुरकी आणि पुण्याचे सीओईपी येथील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करायला यंत्राला शिकवण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी या तिन्ही काळांतील सुमारे २,००० प्रतिमा त्यांच्या लिप्यंतरासह जमवल्या. ते लिप्यंतर जाणत्या वाचकांनी केलेले असते, हे वेगळे सांगायला नको. यंत्र शिकते ते माणसाने वाचून दाखवल्यावर.

आणि अक्षर लागले तरी अर्थ लागतोच असे नाही. दोन उदाहरणे देतो. पेशवेकालीन कागदात साल पुष्कळदा सुहूर सनात, तेही अरबी संख्याशब्दांत असते : 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे साल मृग नक्षत्राला बदलते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. त्यात वर्षाच्या पहिल्या भागासाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे वर्ष. संगणकात नोंद करताना मूळ शब्द, सुहूर आकडा आणि इसवी तारीख या तिन्ही वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. नुसते १७६१ लिहिले आणि रूपांतरात चूक झाली, तर ती पुढे कोणालाही पकडता येणार नाही.

दुसरे उदाहरण घरचे आहे. 'सेनाखासखेल समशेर बहादूर' हा गायकवाडांचा किताब. कागदात नाव न लिहिता नुसते 'सेनाखासखेल' असे येते. १७६८ मध्ये दमाजीराव वारले, गोविंदराव आणि सयाजीराव यांच्यात वारसाचा तंटा लागला, आणि पुणे दरबाराने किताब आधी गोविंदरावांना, मग सयाजीरावांना, आणि पुन्हा गोविंदरावांना दिला. या काळातील पत्रात 'सेनाखासखेल' म्हणजे कोण, हे पत्राच्या तारखेवर ठरते, आणि कधीकधी लिहिणारा कोणत्या पक्षाचा यावरही. सर्व 'सेनाखासखेल' एका माणसाच्या नावे मोजणारा तक्ता दिसायला सुरेख असेल आणि साफ चूक असेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या शाखेत जागा आहे ती नेमकी इथे.

आमचा एक रविवार

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या परिचयातील एका कुटुंबाने मोडी कागदांचा रुमाल आणून दिला. घराण्यातील कोणी एके काळी दरबारच्या नोकरीत होते. कागद परत हवे होते, म्हणून आम्ही चौघापाच जणांनी एका रविवारी बसून मोबाइलवर फोटो काढले. प्रत्येकाने हाताला येईल तो गठ्ठा घेतला. संध्याकाळी रुमाल नीट बांधून पोचता केला, आणि आपण मोठे काम केले असे आम्हांला वाटले. पुढे ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले, जुने घर पाडले गेले, आणि त्या धांदलीत रुमाल कुठे गेला ते त्यांनाही सांगता येईना.

नंतर एका जाणत्या मोडी वाचकांना ते फोटो दाखवले. त्यांनी दोन-चार पाहिले आणि विचारले, "पाठी कुठे आहेत?" पाठीचे फोटो आम्ही काढलेच नव्हते. त्या काळच्या पत्रात शेवटी पुष्कळदा नुसता चंद्र आणि महिना असतो, 'छ ५ रजब' असा, साल नसते. पत्र ज्याला पोचले त्याच्या दप्तरात कागदाच्या पाठीवर पैवस्ती लिहीत, म्हणजे कधी मिळाले त्याची नोंद, आणि सालाचा पत्ता बऱ्याचदा तिथेच लागतो. आमच्याकडच्या बहुतेक पत्रांना आता साल नाही. शिवाय फोटो चार मोबाइलवर विखुरलेले, मूळ क्रम गेलेला, त्यामुळे लांबलचक पत्राचे दुसरे बंद कोणत्या पहिल्या बंदाचे हेही काही ठिकाणी जुळत नाही. चित्रे स्वच्छ आहेत, अक्षर लागते, मजकूर वाचता येतो. एका पत्रात कोणाच्या तरी मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागितले आहे, आणि ती कोणत्या वर्षी, कोणत्या पिढीतली, हे त्या कुटुंबाला आम्ही सांगू शकत नाही.

ज्यांच्या घरी असे रुमाल आहेत त्यांच्यासाठी काही सूचना. रुमाल सोडण्यापूर्वी तो बांधलेला असतानाच एक फोटो घ्यावा. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवावेत. ते आपल्याला विस्कळीत वाटले तरी तारखेप्रमाणे लावू नयेत, कारण त्या क्रमालाही काही अर्थ असू शकतो. कागदावर पेनाने काहीही लिहू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेट तर मुळीच करू नये. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात घालून क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने घालावा. पाठ आणि पोट दोन्हींचे फोटो घ्यावेत, कोरी पाठ असली तरीही, आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. फोटोच्या नावात रुमालाचा क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि बाजू यावी, उदाहरणार्थ 'रुमाल १, कागद १४, पाठ'. सोबत एका वहीत लिहून ठेवावे : कागद कोणाकडून आले, घराण्यात कोण कुठे नोकरीला होते, फोटो कोणी व कधी काढले, आणि कोणत्या गोष्टीबद्दल शंका आहे.

मूळ कागद घरातून बाहेर जाऊ नयेत असे वाटत असेल तर ते स्वाभाविक आहे; आम्ही घरी येऊन फोटो काढतो. मोडी वाचनाची बैठक ग्रंथालयात रविवारी सकाळी असते. नवशिक्यांनीही यावे.